नवस आईचा होता

"आज नाही म्हणजे नाही! आज माझी लेक मठात जायचीय, तुझ्या गोठ्यात नाही!" माझी वहिनी दारात आडवी उभी राहून ओरडत होती. समोर शेजारचा आडमुठ्या, हातात टोपी चुरगाळत. पाटाच्या पाण्यावरून भांडण काढून यानं कित्येक वर्षं आमच्याशी बोलणं टाकलं होतं. गाय अडली तसा आला बरोबर तोंड वर करून!

"वहिनी, रात्रीपासून कण्हतेय ती. वासराचा एकच पाय बाहेर आलाय. गुरांचा डॉक्टर कुठं गेलाय कोण जाणे. पोरीला जरा पाठवा, पाया पडतो."

"पाया त्या देवाच्या पड. चर्चमध्ये मिसेची घंटा आता होईल."

मी या घरातली आत्या. नवरा गेला तशी माहेरी आले ती इथंच राहिले, आणि तोंड बंद ठेवायची अट मला कुणी घातली नव्हती. म्हणून म्हटलं, "वहिनी, गाईनं काय घोडं मारलंय तुझं? पोरीला विचार तरी."

पण पोरीला विचारायचं हेच तर या घरात कधी झालं नव्हतं. भाची तान्ही असताना तापानं फणफणली, डोळे फिरवले तिनं. तेव्हा वहिनीनं मरियामाउलीच्या मूर्तीपुढं पदर पसरला, पोर वाचव, तुझ्याच पायाशी आणून घालीन. पोर वाचली. वाचली ती अशी वाचली की एका जागी टिकेना, म्हणून तिचं नाव पडलं भिंगरी. तिचं मन ढोरागुरांत. कुणाची म्हैस अडली, कुणाची शेळी फुगली, की भिंगरीला बोलावणं. आणि आई रोज ऐकवायची, तू देवाची आहेस, तुला जायचंय. फादरनी मागच्या रविवारी मिसेत जाहीर करून टाकलं. आज निरोपाची मिसा, मग मठाच्या मदर तिला गाडीतून घेऊन जाणार. माझा भाऊ काय करत होता म्हणाल, तर खिडकीतून बाहेर बघत होता. लग्न झाल्यापासून तो बाहेरच बघतोय.

भिंगरी आतून आली. अंगात नवा पांढरा झगा, मनगटापर्यंत घट्ट बाह्यांचा.

"आत्या, साबण घे आणि तेलाची बाटली. दादा, दोरी आहे का मऊ?" तिनं आडमुठ्याला विचारलं.

"भिंगरे! झगा बघ तुझा!" वहिनी किंचाळली. "देवाच्या कामाला पाठ दाखवतेस?"

"पाठ कुठं दाखवतेय? त्याच्याच कामाला चाललेय." बाही वर सरकेना. तिनं खांद्याशी धरली आणि टर्रकन फाडून काढली. "हं. आता हात आत जाईल."

वहिनीच्या तोंडाचा आ वासला तो तसाच राहिला. मला, खरं सांगते, टाळी वाजवावीशी वाटली.

गोठ्यात गाय आडवी पडलेली, डोळे पांढरे झालेले. भिंगरी ओल्या गवतात पोटावर झोपली, हाताला साबण आणि तेल चोळून खांद्यापर्यंत आत गेली. "दुसरा पाय मागं दुमडलाय. आधी वासराला मागं ढकलायला पाहिजे. कुणीतरी हिचं डोकं धरा!"

आडमुठ्या नुसत्या येरझाऱ्या घालत होता, त्याचा काही उपयोग नव्हता. तेवढ्यात दारातून काळ्या झग्यातली जाडजूड म्हातारी आत आली. मठाच्या मदर. अंगणात आरडाओरडा ऐकून गाडी सोडून थेट इकडंच आल्या होत्या. झगा कमरेला खोचला, गाईचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या. मागं वहिनी रडत, नाक पुसत उभी.

"तू भिंगरी?" मदरनी विचारलं. "तुला मठात यायचंय?"

"माझ्या आईनं नवस केलाय."

"आईचं मी आईला विचारीन. तुझं सांग."

भिंगरीचा गाल गाईला टेकलेला, कपाळावरून घाम निथळत होता. "रोज धार काढताना मी जपमाळ म्हणते, मदर. तेव्हा देवाला विचारते, काय करू? गप्प बसत नाही तो. दरवेळी मनात एकच येतं, इथली माणसं, इथली जनावरं सांभाळ. मी आईला सांगायला जाते, तर ती म्हणते देवाचं मला कळतं. मला काय ऐकू येतं ते तिला कसं कळणार?"

"आमच्याकडंही गोठा आहे," मदर म्हणाल्या. "तिथं सेवा कर."

"सेवेला मी कुठंही येईन. पण मनात नसताना व्रत कसं घेऊ? वेदीपुढं उभी राहून देवाला खोटं सांगू? नाही जमायचं मला. कुणीही रागवा. ओढा आता! ती कळ देईल तशी ओढा!"

दुमडलेल्या पायाचा खूर गाईला आतून लागू नये म्हणून तिनं मुठीत झाकून बाहेर काढला होता. आडमुठ्यानं दोरी ओढली, मीही ओढली. वासरू धप्पकन गवतात पडलं. भिंगरीनं त्याच्या नाकातला चिकटा काढला, अंग खसाखसा चोळलं. वासरू शिंकलं. आडमुठ्या हमसून रडायला लागला.

"मदर," वहिनी पुढं आली, आवाज पार बसलेला. "मी शब्द मोडला तर देव हिला परत नेईल. रात्र रात्र झोप नाही मला. कधी खोकली तरी काळजात धस्स होतं." इतक्या वर्षांत हे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. मला वाटायचं, बाई मिरवायला करतेय.

मदरनी हात झग्यालाच पुसले. "बाई, नवस ज्यानं केला त्यालाच बांधतो. दुसऱ्याचं आयुष्य देऊन तो फिटत नाही. फादरना विचार, बदल्यात तुला झेपेल असं काही सांगतील. आणि देव काही दारात वसुलीला बसलेला नाही."

"मग वहिनीलाच न्या मठात," मी म्हटलं, "घरात जरा शांतता होईल."

मदर खो खो हसल्या. वहिनीनं माझ्याकडं जळजळीत बघितलं, पण तिचे खांदे सैल पडले होते.

घंटा कधीच होऊन गेली होती. "चल, अंघोळ कर," मी भिंगरीला म्हटलं.

"मिसा चुकेल, आत्या. अशीच येते. लोकांना तोंडावरच सांगून टाकते."

चर्च खच्चून भरलेलं. मधल्या वाटेनं भिंगरी चालली, एक हात उघडा, झगा रक्तानं आणि शेणानं माखलेला. फादर वेदीवर थांबले. सगळ्यांनी माना वळवल्या. तिनं मोठ्यानं सांगितलं, "फादर, मी मठात जात नाही. देवानं मला तिथं बोलावलेलं नाही. तुम्ही सगळे निरोपाला आलात, माफ करा."

कुजबुज सुरू झाली. पुढच्या बाकावरच्या किराणा दुकानदारणीनं नाकाला रुमाल लावला. "शी! देवाच्या घरात गोठ्याचा वास!"

भिंगरीचा चेहरा पडला. मी तोंड उघडणार, तोच वहिनी माझ्या पुढून गेली. तिनं लेकीचा तो माखलेला हात धरला, पुढच्या बाकाशी नेली आणि दुकानदारणीला म्हणाली, "सरक."

"अगं, पण वास..."

"येऊ दे वास. तुझी म्हैस अडली की हाच हात धरायला धावत येशील. माझी पोर देवाचीच आहे. सरक म्हणते ना!"

दुकानदारीण सरकली. वहिनीनं लेकीला अगदी मधोमध बसवलं आणि स्वतः तिला चिकटून बसली. मग फादरकडं बघून म्हणाली, "करा सुरू."