दोघींची कार्डं

चांगल्या सवयींवर कोणी भाषण द्यायला लागलं की माझं डोकं फिरतं. परवा मुलाच्या शाळेत पालकसभेला गेले, तर तिथेही तेच. सर सांगत होते, एखादी गोष्ट रोज केली की ती हाडात मुरते, मग विचार करावा लागत नाही. मी सरळ उठून बाहेर आले. विचार करावा लागत नाही, हेच तर माझ्या बहिणीला भोवलं.

बहीण म्हणजे रोहिणी. माझ्याहून तीन वर्षांनी लहान. चार वर्षांची असताना गोवर निघाला आणि जाताना तिचे दोन्ही डोळे घेऊन गेला. आमचे वडील, आबा, वारल्यावर आमची माय चिमाबाई आम्हा दोघींना घेऊन साक्रीहून सिल्वासाला आली. नव्वद साल असेल. तेव्हा तिथे दर महिन्याला एक नवा कारखाना उभा राहायचा आणि हात दिसला की कामाला लावायचा. आम्ही तिथल्या खेरडी गावात एक खोली घेतली. मायला गुडघ्यांनी दगा दिला होता, म्हणून ती घरी, आणि आम्ही दोघी धाग्याच्या कारखान्यात. मी धाग्याचे कोन, म्हणजे सुळक्यासारखी मोठी रिळं, तपासायची. रोहिणी पॅकिंगला होती. कोन पिशवीत घालायचा आणि खोक्यात बसवायचा, त्याला डोळे लागत नाहीत. उलट कोनावरचा तुटका धागा ती बोटांनी असा हुडकायची की आम्ही डोळस बाया तोंडात बोट घालायचो.

भोंगा आठला व्हायचा. आमच्या चाळीत नळ यायचा सातला, आणि नळावर चाळीस बादल्या. पाणी भरून निघेपर्यंत रोजचाच उशीर. कारखान्याच्या अलीकडे रस्त्यावर एक मोरी होती, नाल्यावरचा छोटा पूल. तिथे पोचलो की आम्ही पळत सुटायचो. सुरुवातीला मी तिचा हात धरायची, पण हात धरून पळताना एकीचा पाय अडकला की दोघी भुईवर. मग मी टाकाऊ धाग्याची तीनपेडी दोरी वळली, हातभर लांब. एक टोक तिच्या बोटांत, एक माझ्या. त्या दोरीनं जादू केली. हात मोकळे झाल्यावर कळलं की ही पोर पळते, आणि मीच मागे पडते.

गेटच्या आत भिंतीवर कार्ड मारायचं मशीन होतं. आठच्या आत कार्ड घातलं तर वेळ काळ्या शाईत उठायची, नंतर घातलं तर लाल. तीन लाल झाले की गेटवरून परत. दुसऱ्याचं कार्ड मारायची परवानगी कोणालाच नव्हती, पण रोहिणीचं मी मारायची. वॉचमन भास्कर तलासरीचा होता, अर्धा मराठी बोलायचा, अर्धा गुजराती, आणि मनाचा चांगला. आम्ही दिसलो की तो गेटमधून ओरडायचा, "चालो चालो, सायरन थई गयो!" भोंगा झालेला नसायचा, पण तो ओरडायचाच. ते ऐकलं की मी दोन ढांगा पुढे व्हायची, दोरी ताणून रोहिणीला मागून ओढत आणायची, आणि आधी तिचं कार्ड, मग माझं. चार वर्षं हेच. लाल आकडा आम्हाला एकदाही लागला नाही.

आमच्या या पळण्यावर नंदकुमार साहेबांची नजर पडली. ते पॅकिंगचे मॅनेजर होते, पुण्याचे. कॉलेजात स्वतः पळायचे म्हणे. एक दिवस स्कूटर आमच्या बरोबरीनं चालवत आले आणि गेटवर घड्याळ बघत म्हणाले, "दुर्गा, तुझ्या बहिणीनं काय वेळ दिलीय, तुला कल्पना आहे का?" मला कसली कल्पना! मला वाटलं, उशीर झाला म्हणून ओरडतायत.

त्यांनीच सगळी माहिती काढली. अंध मुलींची दिल्लीला शर्यत होती. आमच्या भागातल्या मुलींची निवड सिल्वासाच्याच मैदानावर, जानेवारीतल्या एका रविवारी. चारशे मीटर. पहिली येणारी दिल्लीला. आणि खरी गोष्ट पुढेच होती. तिथे जी टिकेल तिला वसतिगृहात ठेवून घेणार, शिकवायला माणूस देणार आणि बरोबर पळायलाही माणूस देणार.

हे ऐकून मी त्या रात्री जेवले नाही. कारण माझं लग्न ठरलं होतं. होळीनंतरची तारीख, मुलगा नंदुरबारचा. मी गेल्यावर दोरीचं दुसरं टोक कोण धरणार, हे आमच्या खोलीत कोणी बोलत नव्हतं, पण तिघींच्याही मनात तेच होतं. मायचे गुडघे तर पायरी चढताना रडायचे. म्हणजे दिल्ली झाली तर रोहिणी जन्मभर पळणार. नाही झाली तर होळीपर्यंत.

साहेब टेप घेऊन रस्त्यावर उतरले. मोरीपासून गेटपर्यंत मोजलं, थोडं कमी भरलं. मग आत आले आणि मशीनपाशी टेप टेकवून खूश झाले. "इथवर बरोबर चारशे! नाहीतरी रोज पळताच. वेगळा सराव करायला तुम्हाला वेळ कुठून मिळणार? हीच तुमची शेवटची रेषा समजा." मग माझ्याकडे बोट करून म्हणाले, "आणि हे नीट ऐक. रेषेवर पहिली छाती रोहिणीची लागली पाहिजे. तू एक पाऊल मागे. तू पुढे गेलीस तर ती बाद."

मी हसले. म्हटलं, "साहेब, मला जन्मात कोणी पहिलं येऊ दिलंय का? त्याची काळजी नको."

त्या दिवसापासून आम्ही नळावर भांडून पहिली बादली मिळवू लागलो आणि मोरीवर दहा मिनिटं आधी पोचू लागलो. उशीर नसतानाही पळायचो. सुटायचं कसं ते शिकलो. वळणाची खूण ठरवली, दोरीला एक हलका झटका. पण शेवट रोजचाच. गेट, भास्करची आरोळी, माझ्या दोन ढांगा, मशीन. साहेब तेव्हा आत केबिनमध्ये असायचे. आणि मी काय मूर्ख होते का? मला नियम पाठ होता. शर्यतीच्या दिवशी मागे राहायचं, एवढंच तर होतं. रोजच्या दिवशी कार्ड मारायचं होतं.

रविवारी शाळेच्या मैदानावर चुन्यानं पट्टे आखले होते. दोन फेऱ्यांचे चारशे मीटर. तीन मुली होत्या. एक दमणची, भावाबरोबर आलेली. एक सुरतेची, तिच्याबरोबर तिच्या शाळेतली शिक्षिका. आणि आमची रोहिणी, साहेबांनी आणलेल्या पांढऱ्या बुटांत. ती सारखी खाली वाकून बुटांवरून बोटं फिरवत होती. कारखान्यातली दहा-बारा माणसं आली होती. भास्कर रविवार असून गणवेश घालून आला होता. माय चटईवर बसली होती.

"आक्का," रोहिणी माझ्या कानाशी म्हणाली, "दिल्लीले लई थंडी ऱ्हास म्हनतस. मायना स्वेटर मी लई जासू हां."

"स्वेटर नेशील मग, आधी पळ," मी म्हटलं.

शिट्टी झाली. पहिल्या फेरीत सुरतेची पुढे होती. तिची शिक्षिका मोजून पावलं टाकत होती, जणू वर्गात चालतेय. दुसऱ्या फेरीत वळणावर मी दोरीला झटका दिला आणि रोहिणीनं जो वेग घेतला तो मी आजवर पाहिला नव्हता. सुरतेची मागे पडली. पाच पावलं, मग दहा. दोरी सैल होती. मला काहीच करायचं नव्हतं, फक्त पळायचं होतं. समोर रेषा दिसत होती, रेषेजवळ आमची माणसं उड्या मारत होती. आणि त्यांच्या पुढे येऊन, गळ्याच्या शिरा ताणून, भास्कर ओरडला, "चालो चालो, सायरन थई गयो!"

त्याचा काय दोष? तो प्रेमानं ओरडला. त्याला एवढंच ओरडता येत होतं.

मी दोन ढांगा पुढे झाले.

दोरी ताणली गेल्याचं मला हाताला कळलं, डोक्याला कळलं नाही. रेषा माझ्या पायाखालून गेली आणि माझा उजवा हात वर उठला, हवेत, जिथे मशीन असतं तिथे. मग रोहिणी माझ्या पाठीवर येऊन आदळली. धापा टाकत, हसत तिनं मला मिठी मारली.

"मन्हं कार्ड मारं का, आक्का?" ती ओरडली. चेष्टेनं. एवढी खूश मी तिला कधी पाहिली नव्हती.

रेषेवरच्या पंचानं लाल झेंडी वर केली होती. साहेब धावत गेले. दहा पावलांचं अंतर होतं, ओढायची गरजच नव्हती, पोरगी स्वतःच्या पायांनी जिंकली आहे, असं खूप काही बोलले. पंच म्हातारा होता, त्यालाही वाईट वाटत असावं. तो मलाच म्हणाला, "गाइड आगे थी, बेन. नियम है."

रोहिणीची मिठी सैल झाली. तिनं विचारलं, "कोन पुढे व्हती?"

"मी," मी म्हटलं.

ती वाकून पांढऱ्या बुटांची नाडी सोडू लागली. माय बोलली. चटईवरूनच, सगळ्यांदेखत. "दोन पावलं मांगे ऱ्हाती तर झिजती का वं तू?" हातातोंडाशी आलेला घास मी पाडला होता, आणि तोही माझ्या तोंडचा नव्हता.

मी सवय म्हणते. साहेबांनाही तेच सांगितलं, आणि त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. "मशीनपर्यंत मोजायला मीच सांगितलं," म्हणाले. भला माणूस. पण आता इतकी वर्षं झाली, तर खरं सांगते. त्या दोन ढांगांत मला आनंद झाला होता. लोक ओरडत होते, समोर मोकळी रेषा होती, आणि माझ्या पुढे कोणी नव्हतं. तो आनंद सवयीचा होता की माझ्यातल्या कुठल्या उपाशी बाईचा, हे मी रोज स्वतःला विचारते.  उत्तर मिळालं तरी रोहिणीला त्याचा काय उपयोग?

सुरतेची मुलगी दिल्लीला गेली. आमच्याकडे पुन्हा निवड झाली ती तीन वर्षांनी. तोपर्यंत साहेबांची नाशिकला बदली झाली होती, आणि मी नंदुरबारला भाकऱ्या थापत होते. रोहिणी अजून खेरडीतच आहे. पळत नाही.

पण मला डोळ्यांपुढे दिसतो तो शर्यतीनंतरचा सोमवार. नळावर आम्हाला पहिली बादली कोणी दिली नाही, आम्ही मागितलीही नाही. मोरीपाशी आलो तेव्हा आठ वाजायला चार मिनिटं होती. मी दोरी काढून एक टोक तिच्या हातात दिलं. आम्ही पळायला लागलो, पण तिचे पाय उचलत नव्हते. गेट दिसलं. भास्कर गेटमध्ये उभा होता, मान खाली घालून. त्या दिवशी तो ओरडला नाही. मीही एक पाऊल मागेच राहिले, अगदी नियमाप्रमाणे.

रोहिणी थांबली. बोटांतून दोरी सोडवून तिनं माझ्या हातात दिली. आवाजात राग नव्हता. राग असता तर मी तिच्या पाया पडले असते.

"तू जाय पुढे, आक्का," ती म्हणाली. "मन्हं बी मारी दे."

मी पळत गेले. आधी तिचं मारलं, मग माझं. दोन्ही वेळेत होती.