मुठीतलं लोखंड

देवास संस्थानच्या थोरल्या पातीपासून धाकट्या पातीपर्यंत, दोन्ही गाद्यांच्या दरबारांत, तलवारीला मूठ बसवावी ती खंडोजीनंच, असा त्याचा लौकिक होता. संस्थानं विलीन झाली, तलवारी भिंतीवर गेल्या आणि खंडोजी विळ्या-सुऱ्यांना मुठी बसवू लागला. त्याचं त्याला फारसं वाईट वाटलं नाही. वाईट वाटायचं ते घरातल्या शांततेचं.

त्याची बायको जानकीबाई म्हणजे अख्ख्या गल्लीची तोफ. बावन्न साली इंदुरात तिच्या टाळूतली गाठ काढली. जीव वाचला, पण टाळूला भोक राहिलं. बोलायला गेली की शब्द नाकातून निसटायचे, पाणी प्यायली की तेही नाकातून यायचं. तेव्हापासून ती तोंडाला पदर लावून खुणांवर भागवत होती. वर्षभरानं थोरल्या लेकीचं, पार्वतीचं लग्न ठरलं, आणि आईनं खुणेनंच सांगितलं, विहिणींच्या पंगतीला मी बसणार नाही.

धारचे दातांचे डॉक्टर नीलकंठराव यांनी तिला एक तबकडी करून दिली होती. गुलाबी प्लास्टिकची, भोक बुजवणारी, आणि दातांना धरून राहायला दोन्ही बाजूंना पोलादी तारेचे आकडे. ती बसवली त्या दिवशी जानकीबाई दोन तास सलग भांडली आणि खंडोजी समोर बसून तृप्त होऊन ऐकत राहिला. चौथ्या दिवशी तार प्लास्टिकातून उपसून आली. डॉक्टरांनी नवी करून दिली, तीही तशीच गेली.

मग खंडोजीनं आपली अक्कल चालवली. लाख तापवली, तार चिकटवली. गरम चहाच्या पहिल्याच घोटाला लाख मऊ झाली आणि आकडा बशीत पडला. जानकीबाईनं नवऱ्याकडे असं पाहिलं की न बोलताही त्याला सगळं ऐकू आलं.

लग्न पंधरा दिवसांवर होतं. दुसऱ्या दिवशी तो इंदूरला बस बदलून धारला पोचला. मोडकी तबकडी पाहून डॉक्टरांचा चेहराच उतरला. “कुठं चुकतंय कळत नाही, खंडोजी. तार मी किती घासून घेतो, अगदी आरशासारखी!”

खंडोजी टेबलावरची तार बघत होता. एवढ्या शिकलेल्या माणसाला आपण काय सांगायचं, म्हणून त्यानं दोनदा तोंड उघडलं आणि मिटलं. मग पंगतीतली जानकीची रिकामी जागा त्याच्या डोळ्यांपुढं आली.

“डाक्टरसाब, रागावू नका. चिकनी तार धरणार कशी? बाहेर राहते ती चमकवा ना, पण आत जाते ती नाही. पातं आम्ही आरशासारखं करायचो, मुठीत जाणारं लोखंड मात्र कानशीनं खरवडायचो, खाचा पाडायचो. मग लाख ऐसी पकडते की हत्तीनं ओढलं तरी सुटत नाही.”

 डॉक्टर स्वतःच्या खुर्चीवरून उठले. “बसा इथं. करून दाखवा.”

खंडोजीनं तारेची आतली टोकं नागमोडी वाकवली आणि कानशीनं खरवडली. जानकीबाईच्या टाळूचा साचा डॉक्टरांनी जपून ठेवला होता. त्यात त्यांनी तारा मांडल्या, प्लास्टिकची पावडर द्रवात कालवून भरली, उकळत्या पाण्यात शिजवली. निघताना हात जोडले ते डॉक्टरांनी. “माझे आणखी तीन रोगी अशाच मोडक्या तबकड्या घेऊन बसलेत. त्यांचेही आभार घ्या.” खंडोजीला कुठं बघावं तेच कळेना.

लग्नाला डॉक्टर आग्रहाखातर आले. बारा दिवस तबकडी टिकली होती, पण पंगत म्हणजे पंगत. जानकीबाई विहिणींच्या शेजारी बसली होती. “नाव घ्या, नाव घ्या!” बायकांनी गिल्ला केला. समोरच्या रांगेत बुंदी वाढणारा खंडोजी वाटेतच थांबला. जानकीबाईनं तोंडावरचा पदर बाजूला केला आणि खणखणीत आवाजात म्हणाली,

“तलवारीच्या मुठीत पातं धरते लाख,
खंडोजीरावांना मारते भर पंगतीत हाक!”

हशा उसळला. विहीणबाईंनी टाळी दिली. खंडोजी डॉक्टरांच्या पानापुढं उभा होता. आभाराचे चार शब्द त्यानं आठ दिवस घोकले होते, त्यातला एकही आठवेना. तो नुसता बुंदी वाढत राहिला.

“पुरे, खंडोजी, पुरे हो!” डॉक्टर पानावर हात आडवा धरून हसत होते, आणि खंडोजी डोळे पुसत त्या हातावरच वाढत होता.