आईचा सूपवाला खेळ

आईचा डावा हात फेब्रुवारी आला तरी मांडीवर तसाच पडून होता, आणि मला राग हाताचा नाही, आईचा येत होता.

नोव्हेंबरात तिला अर्धांगवायूचा झटका आला. बोलणं परत आलं, काठीच्या आधाराने चालणं आलं, टोमणे तर ती हॉस्पिटलातून निघायच्या आधीच आले. हात तेवढा राहिला. व्यायाम शिकवायला मार्सेलाबाई यायच्या. त्यांनी मला दारात गाठून स्पष्टच सांगितलं, "लॉरेन, पहिले सहा महिनेच कामाचे. हात वापरला तर येईल. असाच ठेवला तर पुढे माझ्याही हातात काही नाही." त्यांनी दाबायला एक मऊ चेंडू दिला होता. तो सोफ्याखाली गेला आणि तिथेच राहिला.

"मी काय मांजर आहे का चेंडूशी खेळायला?" आई म्हणाली.

अमेरिकेतल्या बफेलो शहरातल्या निम्म्या लोकांसारखं आमचंही आहे: आई खालच्या मजल्यावर, मी वरच्या. रोज सकाळी कामावर जाताना मी तिच्याकडे डोकवायची, विनवायची, मग ओरडायची, मग दार आपटून निघायची. पालथ्या घड्यावर पाणी. माझं काम नाणं टाकून चालणारी खेळांची जुनी मशिनं दुरुस्त करायचं. बिघाड सापडला की भाग बदलायचा आणि पुढच्या मशीनकडे वळायचं, ही माझी सवय. आईपुढे ती सवय काही कामाची नव्हती.

मग मला तळघरातलं 'बिग पॉट' हे खेळाचं मशीन आठवलं.

आईने जवळच्याच चिक्टोवागातल्या एका बोलिंगच्या हॉलमध्ये एकतीस वर्षं स्वयंपाक केला. शुक्रवारी तळलेले मासे, बाकीचे दिवस सूप. काउंटरशेजारी हा खेळ उभा असायचा. पडद्यावर चार फळ्यांचं स्वयंपाकघर, त्यात पांढऱ्या टोपीचा एवढासा आचारी. त्याने या फळीवरून त्या फळीवर उड्या मारत गाजरं, कांदे, बटाटे खालच्या पातेल्यात पाडायचे. मागे लागायला पाय फुटलेले जेवणाचे काटे, मिरपुडीची डबी आणि लोणच्याची एक चिडकी बरणी. आईची कामाची पाळी तीनला संपायची, बस पावणेचारला. मधल्या वेळात एका नाण्यावर ती सगळा डाव खेळायची. बोलिंग सोडून पुरुष बियरचे ग्लास घेऊन तिच्या पाठीमागे उभे राहायचे. मी नऊ वर्षांची होते. शाळेत कुणाची आई नर्स होती, कुणाची शिक्षिका. मला त्या कुणाचाच हेवा वाटला नाही.

हॉल बंद झाला तेव्हा मालकाने ते मशीन मला देऊन टाकलं होतं. मी आता त्याचा पडदा नीट केला, आचाऱ्याला चालवायचा दांडा नवा बसवला. हा दांडा डाव्या हाताने चालवायचा असतो. उडीचं बटण उजवीकडे.

आणि मी आणखी एक उद्योग केला. मशीनच्या पोटात आठ बारीक स्विच असतात, त्यांवर खेळ किती अवघड ते ठरतं. दारूच्या गुत्त्यात अवघड लावायचा, पोरांच्या वाढदिवसाला सोपा. आमच्या धंद्यात ही रीतच आहे. मी सगळ्यात सोपा लावला. पाच आचारी, म्हणजे पाचदा मरायची मुभा, आणि काटे पेंगुळलेले. म्हटलं, जिंकली की गोडी लागेल.

रविवारी दुपारी दोन मित्रांना घेऊन ते धूड आईच्या पुढच्या खोलीत ढकललं. आई बघतच राहिली. मग म्हणाली, "या म्हाताऱ्याला अजून कुणी भंगारात नाही टाकलं?"

"तुझ्याच वयाचा दिसतोय," मी म्हणाले.

मी तिला उंच स्टुलावर बसवलं. डावा हात उचलून दांड्यावर ठेवला, बोटं एकेक करून वळवून दिली. खेळ सुरू झाला. आचारी अडखळत दोन पावलं गेला. एक गाजर पडलं. काटा समोरून आला आणि आई थांबली. पडद्याकडे बघत तिने ओठांत काहीतरी मोजलं.

"लॉरेन, हा काटा चौथ्या पावलाला वळतो."

"मशीन जुनं झालंय, आई."

"सात पावलं झाली, अजून वळला नाही. आणि पाच आचारी? मला तीन मिळायचे." तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "मला लहान पोरांचा खेळ लावून दिलास तू."

माझी चोरी पकडली गेली होती.

"सगळे तेच करतात," ती म्हणाली. "ती बाई मला चेंडू देते, शेजारीण माझ्याशी मोठ्याने बोलते, जशी काही मी बहिरीच. तू तरी निदान..." तिने पडद्याकडे तोंड फिरवलं. "तू तरी मला हरू द्यायचं होतंस."

मला फार लाज वाटली. मी स्क्रू-ड्रायव्हर आणला, मागचं दार उघडलं आणि सगळे स्विच पूर्वी होते तसे केले.

नवा डाव. पहिला आचारी तीन सेकंदांत मेला. दुसऱ्याच्या वेळी आईने उजवा हात आडवा घालून दांडा धरला, तसं स्टूल हललं.

"त्या हाताने मशीनची कड धर, पडशील! दांडा डाव्याने."

"डावा ऐकत नाही गं," आई म्हणाली.

तीन महिन्यांत हे वाक्य ती पहिल्यांदा बोलली होती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते पुसायला तिला हात मोकळा नव्हता. मीच माझ्या बाहीने पुसलं. तिने पुसू दिलं.

मग नाक ओढून ती म्हणाली, "बटण तू दाब. मी सांगेन तेव्हा."

आम्ही दोघींनी मिळून एक आचारी चालवला. तो दारू प्यायल्यासारखा चालत होता, पण चालत होता. आई दात आवळून एकेक पाऊल पुढे ढकलायची आणि ओरडायची, "आता! आता म्हटलं की आता, उद्या नाही!" एक गाजर पडलं. मग एक कांदा. शेवटचा बटाटा पातेल्याच्या अगदी वर होता आणि लोणच्याची बरणी मागून येत होती.

"आता!"

मी बघत बसले होते तिच्या बोटांकडे. बटण उशिरा दाबलं. आचारी मेला.

"कुठे लक्ष होतं मेले!" आई कडाडली, आणि माझ्या मनगटावर एक चापट बसली.

तिचा उजवा हात मशीनची कड धरून होता. माझ्या मनगटावर तिचा डावा हात होता. तो थरथरत होता, बोटं अर्धी मिटलेली, पण दांड्यावरून उचलून तिनेच आणला होता.

आईने त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"लागलं का गं?" तिने हळूच विचारलं.

पिसाएवढंही लागलं नव्हतं.

"हो," मी म्हणाले. मला रडू आवरत नव्हतं. "चांगलंच लागलं."

"बरं झालं," आई म्हणाली, आणि तो हात ओढत, थांबत, परत ओढत, माझ्या मदतीशिवाय तिने दांड्यावर नेऊन ठेवला.