पत्ता अलीकडे, घर पलीकडे

मी एक जुनी टपालपेटी आहे. ओहायोतल्या टॅनर रोडवर, रस्त्याच्या पश्चिम कडेला, रेल्वेच्या जुन्या लाकडी स्लीपरच्या खांबावर मी चाळीस वर्षं उभी आहे. मित्रांनो, आजकालच्या पेट्या पातळ पत्र्याच्या नाहीतर प्लॅस्टिकच्या असतात आणि एका हिवाळ्यात मान टाकतात. मी त्यातली नव्हे. आपली स्तुती आपणच करू नये म्हणतात, पण रस्त्याकडेला माझी स्तुती करायला दुसरं कोण थांबणार? तेव्हा मीच करते.

मला ऑरविल हॅच नावाच्या वेल्डरने आपल्या गोठ्यात घडवलं. त्याच्या आधीच्या दोन पेट्या टग्या पोरांनी फोडल्या होत्या. चालत्या गाडीतून बेसबॉलची बॅट बाहेर काढायची आणि दिसेल ती पेटी झोडपत जायचं, हा इकडच्या टग्यांचा आवडता खेळ आहे. तिसऱ्या खेपेला ऑरविलने जाड पोलादी नळ कापला, त्याला तळ घातला, दार बसवलं आणि धाडायचं पत्र आत असलं की वर करायची लाल झेंडी कडेला लावली. रंगवलेलं नाव उडून जातं म्हणून त्याने पोलादाची अक्षरं कापून माझ्या अंगावर उठावदार जोडली. पुढच्याच शनिवारी टग्यांची बॅट दोन तुकडे होऊन शेजारच्या चरात पडली. ऑरविलने ते तुकडे शेगडीत घातले आणि बायकोला हाक मारून सांगितलं, "लुसिल, ही पेटी माझ्यामागेही राहील बघ!" ते माझं पहिलं कौतुक. अजून विसरले नाही.

आता माझ्या जागेविषयी सांगते, कारण पुढचा सगळा गोंधळ तिच्यामुळेच झाला. टपालाची गाडी रस्त्याच्या एकाच कडेने जाते, म्हणून इथल्या सगळ्या पेट्या पश्चिमेला आहेत. ऑरविलचं घर मात्र समोर, पूर्वेला. मध्ये रस्ता आणि रस्त्याच्या मधोमध पिवळा पट्टा. त्या पट्ट्यावरूनच दोन गावांच्या शाळांची हद्द जाते. पश्चिमेची मुलं ब्रायरलीच्या शाळेत जातात, पूर्वेची कोल्टनच्या. सकाळी माझ्यासमोरून दोन पिवळ्या बस जातात, एक इकडच्या मुलांना घेते आणि एक तिकडच्या. टपाल कचेरी ब्रायरलीला आहे, म्हणून पत्ता मात्र दोन्हीकडच्या घरांचा ब्रायरलीचाच.

आणि इकडचे लोक, मित्रांनो, घराच्या खोल्या मोजण्याआधी शाळेचे गुण मोजतात. इंटरनेटवर शाळांना दहापैकी गुण मिळतात. ब्रायरलीला नऊ, कोल्टनला पाच. एवढ्यावरून पट्ट्याच्या अलीकडचं खुराडंसुद्धा पलीकडच्या बंगल्याचा भाव खातं. शाळेचं दार न उघडता गुण वाचून निर्णय घेणारे मी पुष्कळ पाहिले आहेत.

लुसिल गेली. ऑरविल थकला आणि ॲरिझोनाला मुलीकडे राहायला गेला. घराला कुलूप लागलं. बर्फ लोटणाऱ्या गाडीने एकदा माझ्या खांबाला असा धक्का दिला की मी तिरकी झाले. पोटात गांधीलमाश्यांनी पोळं केलं. टपालवाली वांडा अधूनमधून जाहिरातींचे कागद कोंबायची आणि म्हणायची, "म्हातारे, तू आणि मी, दोघींना गंज चढला." त्या दोन वर्षांत माझी झेंडी एकदाही वर झाली नाही. फार वाईट दिवस होते ते.

मग मार्च महिन्यात ओलेनिक कुटुंब घर पाहायला आलं. डेरेक, त्याची बायको कोरीन आणि त्यांची आठ वर्षांची ज्युनी. क्लीव्हलँडमधल्या दोन खोल्यांत त्यांचा जीव गुदमरला होता. पण कोरीनला खरी चिंता ज्युनीची होती. पोर हुशार, बोलायला पोपट. पण वाचायला बसली की कागदावरची अक्षरं तिच्या हाती लागत नसत. तिसरीत आली तरी पहिलीचं पुस्तक अडखळत वाचायची आणि वर्गात हसू झालं की पोट दुखतंय म्हणून घरी यायची. आता चांगली शाळा मिळाली नाही तर पोर कायमची मागे पडेल, या धास्तीने कोरीनने ब्रायरलीचा ध्यास घेतला होता.

घर दाखवणाऱ्या दलालाने माझ्याकडे बोट दाखवून सांगितलं, "पत्ता बघा ना, ब्रायरली!" झालं. रविवारी सह्या झाल्या.

मोठी माणसं खिडक्या मोजत होती तेव्हा ज्युनी रस्ता ओलांडून माझ्याकडे आली. तिने हातमोजा काढला आणि माझ्या थंडगार अक्षरांवरून बोट फिरवलं. एकदा, दोनदा. मग डोळे मिटून पुटपुटली, "एच. ए. टी. सी. एच. हॅच!" आणि एकटीच हसली. इतक्या वर्षांत मला पुष्कळांनी वाचलं, पण असं कोणी वाचलं नव्हतं. मला पोर तिथेच आवडली.

मंगळवारी कोरीन पडद्यांची मापं घ्यायला एकटी आली होती. टपालाची गाडी थांबली तशी ती आनंदाने वांडाला म्हणाली, "आता इथे ओलेनिकांचं टपाल टाका हं. आम्ही खास ब्रायरलीच्या शाळेसाठी घर घेतलंय."

वांडाने चष्मा नाकावर घेतला. "कोणत्या शाळेसाठी?"

"ब्रायरलीच्या. पत्ता तोच आहे ना?"

"अगं बाई माझे, पत्ता पेटीचा! पेटी काय दप्तर घेऊन शाळेत जाणार आहे? तुझं पोर झोपणार पट्ट्याच्या पलीकडे. ते कोल्टन."

कोरीनने तिथूनच शाळेच्या कचेरीत फोन लावला. वांडाचं बरोबर होतं. मी हे सगळं पहिल्या दिवसापासून जाणत होते, पण पेटीला तोंड असून बोलता येत नाही, हेच माझं दुखणं.

संध्याकाळी डेरेक धावत आला. नवराबायकोची जुंपली ती माझ्याच पुढ्यात.

"एवढं इंटरनेट चाळतेस, तर हद्दीचा नकाशा नाही बघितलास?"

"आणि तू काय बघत होतास? गॅरेजमध्ये दोन गाड्या मावतात का ते!"

"जाऊ दे. करार मोडायला दहा दिवसांची मुभा आहे. ब्रायरलीत आपण आधी पाहिलेली ती दोन खोल्यांची जागा अजून रिकामी आहे. अंगण नाही, पण शाळा नऊ गुणांची आहे."

कोरीन म्हणाली, "एकदा गुण वाचून फसले. आता दोन्ही शाळा डोळ्यांनी बघते. ज्युनीला घेऊन जाते."

गुरुवारी ती दोन्हीकडे जाऊन आली आणि घराच्या पायरीऐवजी माझ्याजवळ गाडी थांबवून डेरेकची वाट पाहत बसली. तो आल्यावर तिने सगळं सांगितलं, तेव्हा मलाही कळलं. ब्रायरलीची शाळा खरोखर छान होती. माणसं सज्जन. पण वाचनाच्या जादा मदतीसाठी आधी चाचणी, मग यादी. ज्युनीचा नंबर पुढच्या जानेवारीत लागला असता. कोल्टनची इमारत जुनी, भिंतींचे पोपडे उडालेले. पण तिथे मिस टिबेट्स नावाच्या बाई होत्या. त्यांनी ज्युनीपुढे पुस्तक ठेवलंच नाही. वाळू भरलेलं तबक ठेवलं आणि म्हणाल्या, "अक्षर बोटाने काढ, तोंडाने म्हण. डोळे नंतर येतील मागून."

"वाळूत?" डेरेक भडकला. "वाळूत खेळायला पोर शाळेत घालायची? तेवढ्यासाठी समुद्रावर नेली असती! दहापैकी पाच, कोरीन! पाच!"

"अरे, तासभर बसली ती. पोट दुखतंय म्हणाली नाही. ते कुठल्या गुणांत बसतं, सांग ना?"

"लोक हसतील आपल्याला. नऊ सोडून पाच घेतले म्हणून."

ज्युनी मागच्या सीटवरून उतरली. तिने बाबाचा हात धरला, माझ्यापाशी आणला आणि त्याचं बोट माझ्या पहिल्या अक्षरावर ठेवलं. "बाबा, डोळे मीट. आता सांग काय आहे."

डेरेकने डोळे मिटले. बोट अडखळत फिरवलं. "एच... मग... थांब, हे काय आहे?"

"ए! सोपं आहे, बाबा. घाई नको करूस. कागदावरची पळतात, ही पळत नाहीत. बाईंची वाळू पण अशीच आहे."

डेरेकने डोळे उघडले ते ओले होते. तो उगाच माझ्या तिरक्या खांबाकडे पाहू लागला. "हा खांब सरळ करायला हवा," तो म्हणाला. "उन्हाळ्यात करतो." कोरीनने त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं. करार मोडला नाही.

उन्हाळ्यात त्याने शब्द पाळला. खांब सरळ झाला, गांधीलमाश्या गेल्या, दाराला तेल मिळालं. हॅच काढून ओलेनिक जोडायचं त्याच्या मनात होतं, पण ज्युनी आडवी आली. "ती माझी पहिली अक्षरं आहेत!" म्हणून नवं नाव खाली जोडलं, तेही पोलादाचं. आता माझ्या अंगावर दोन घराण्यं आहेत आणि मी दोघांनाही पुरून उरले आहे.

ऑगस्टमध्ये, शाळा उघडायच्या आठवडाभर आधी, वांडाने माझ्या पोटात एक कार्ड ठेवलं. इकडच्या शिक्षिका नव्या मुलांना असं कार्ड पाठवतात. ज्युनी रस्त्याच्या दोन्हीकडे बघून धावत आली. कार्डावर स्वतःचं नाव दिसताच ती माझ्या सावलीत बसली. एकेका अक्षराखाली बोट ठेवत, घाम पुसत, तिने ते वाचलं. मधेच वैतागून कार्ड फेकलंही, मग उठून परत आणलं. शेवटी ती रस्त्यापलीकडे मोठ्याने ओरडली, "आई! 'ज्युनी, मी तुझी वाट पाहते आहे. वाळू तयार आहे.' मी वाचलं! सगळं मी वाचलं!" कोरीन घरातून चप्पल न घालता धावत आली.

आता त्याला दोन वर्षं झाली. ज्युनी कोल्टनच्या बसमधून उतरते, रस्ता ओलांडून टपाल घेते आणि जाते. माझ्या अक्षरांना ती आता बोट लावत नाही. परवा पाकिटावरचा मजकूर वाचत वाचतच, माझ्याकडे न बघता निघून गेली. मला क्षणभर वाईट वाटलं. मग म्हटलं, म्हातारे, हेच तर हवं होतं!

म्हणून मित्रांनो, माझी एवढीच विनवणी आहे. घर शोधायला निघालात की पेटीचा पत्ता जरूर वाचा, पण तेवढ्यावर विसंबू नका. पिवळा पट्टा ओलांडून शाळेच्या आत जा आणि पोराला तासभर बसू द्या. आणि माझ्यासारखी जुनी पेटी दिसली तर तिला रंग अवश्य द्या, पण थरावर थर चढवून तिची अक्षरं बुजवू नका. आणखी एखादं पोर हातमोजा काढून येईल, तेव्हा ती त्याच्या बोटाला लागली पाहिजेत.