कुंची घातलेला वरवंटा

मी एक जुना वरवंटा आहे मित्रांनो, आणि माझी आजवर चार-पाच बारशी झाली आहेत! हसू नका. तुमचं बारसं एकदाच होतं आणि तेही तुम्हाला आठवत नाही. मला माझी सगळी आठवतात. त्यातलं एक तर विसरायचं म्हटलं तरी विसरता येत नाही.

माझा जन्म भांडुपच्या डोंगरातला. धाकू पाथरवटाने एका काळ्या दगडातून आधी पाटा काढला आणि उरलेल्या तुकड्यातून मला. त्यामुळे पाटा कायम तोऱ्यात असायचा. पण गुळगुळीत आणि गुटगुटीत मीच! बाजारात श्यामकांतरावांनी आम्हा दोघांना पसंत केलं आणि घाटकोपरला आपल्या 'विसावा'त आणलं.

'विसावा' म्हणजे हॉटेल; पण चहा-भज्यांचं नव्हे. महिनोन्‌महिने मुक्कामाला येणाऱ्यांचं. प्रत्येक बिऱ्हाडाला एक खोली, मागे ओटा, स्टोव्ह, दोन खाटा, लागतील तेवढी भांडी. तुम्ही फक्त कपड्यांची ट्रंक घेऊन यायचं आणि संसार सुरू करायचा. तेव्हा माहुलला तेलाचे कारखाने उभे राहत होते. गावोगावची माणसं तिथे नोकरीला यायची आणि कंपनीचे क्वार्टर तयार होईपर्यंत आमच्याकडे राहायची. श्यामकांतरावांनी सगळं दिलं होतं, पाटा-वरवंटा मात्र मजल्याला एकच! वरच्या मजल्याचे आम्ही.

काय काय वाटलं म्हणून सांगू! कोल्हापूरचा लसूण, खानदेशाच्या मिरच्या, कोकणातलं ओलं खोबरं. बायका एकमेकींना म्हणायच्या, "वरचा वरवंटा हाताला कसा लोण्यासारखा फिरतो गं!" आणि मी आणखी जोरात फिरायचो.

पण माझा खरा मान बारशाला. बाळ दगडासारखं टणक व्हावं म्हणून आधी वरवंट्याला कुंची घालून पाळण्यात निजवतात. दोघीजणी पाळण्याच्या दोन बाजूंना उभ्या राहतात, मला वरून देतात, खालून घेतात, आणि मग बाळाची पाळी. खालच्या मजल्यावरचा वरवंटा लांबुडका आणि टोकेरी, त्याला कुंची शोभायचीच नाही. म्हणून 'विसावा'तल्या प्रत्येक बारशाला मीच. मला सजवायची नीला, श्यामकांतरावांची मुलगी. नववीत होती. काजळाचा ठिपकासुद्धा लावायची!

आता ते बारसं सांगतो.

आमचा पाटा अनुपमाकाकूंच्या ओट्याखाली असे. त्या वेंगुर्ल्याकडच्या. यजमान विद्याधर माहुलला नकाशे काढायच्या कामावर. आदल्या वर्षी काकूंना मुलगा झाला होता. मला घासून, उन्हात वाळवून तयार ठेवलं होतं. पण बारशाआधीच बाळ गेलं. मला न्यायला कोणी आलंच नाही. काही दिवसांनी काकूंनीच मला उचलून पुन्हा पाट्यावर ठेवलं आणि खोबरं वाटायला घेतलं.

यंदा शेजारच्या बिऱ्हाडात शुभाला मुलगी झाली. तिची सासू अमरावतीहून आली होती. बारशाच्या दिवशी ती नीलाच्या आईला, वनमालाबाईंना, म्हणाली, "त्या शेजारणीला नका बोलावू बाई. मूल गेलेल्या बाईची सावली पाळण्यावर नको."

वनमालाबाईंना ते रुचलं नाही. पण मुक्कामी माणसाचं मन मोडायचं नाही, हा त्यांचा नियम. अनुपमाकाकूही मुक्कामीच होत्या, हे त्यांना त्या वेळी आठवलं नाही. किंवा आठवलं असेल.

"नीला, वरवंटा घेऊन ये. काकूंनी विचारलं तर सांग, आईला वाटायला हवाय."

"खोटं सांगू?"

"खोटं कसलं त्यात! त्यांच्या जिवाला लागू नये म्हणून. आणि आपण दार लोटून, हळू आवाजात उरकू."

आता तुम्हीच सांगा, बारसं कधी हळू आवाजात झालंय का?

नीला आली. रेशमी परकर, केसांत अबोलीचा गजरा. काकू नारळ खवत होत्या.

"काय गो नीलू! आज एवढी झकास नटून कुठे निघालीस?"

"कुठे नाही. असंच." नीला जमिनीकडे बघत म्हणाली. "आईला वाटायचंय. वरवंटा देता?"

काकूंनी खवणी बाजूला सारली. मग त्यांनी मला धुतलं, पदराने कोरडं केलं आणि तिच्या हातात दिलं. "सांभाळून ने हां. पायावर पडेल."

नीलाने मला छातीशी धरलं होतं. तिचं काळीज असं धडधडत होतं की मी दगड असून मला ते कळत होतं.

शुभाच्या खोलीत बायका दाटीवाटीने बसल्या होत्या. नीलाने मला कुंची बांधली. त्या दिवशी काजळ लावलं नाही. मला पाळण्यात ठेवलं. एका बाजूला सासूबाई, दुसऱ्या बाजूला वनमालाबाई. दोरी नीलाच्या हातात.

आणि भिंतीपलीकडून आवाज आला. टण्ण. टण्ण. टण्ण.

मी तो आवाज ओळखला. माझ्या पाट्यावर पितळी तांब्याची बैठक आपटत होती. वरवंटा नव्हता, म्हणून काकू तांब्याने मिरच्या ठेचत होत्या.

"बघा, मुद्दाम चाललंय!" सासूबाई फणकारल्या.

"मुद्दाम कशाला, सासूबाई?" शुभा म्हणाली. "विद्याधरभावोजींची यायची वेळ झाली. वाटण नको का व्हायला? पण तांब्याने का ठेचतायत त्या? आणि आल्या का नाहीत अजून?"

टण्ण. टण्ण. प्रत्येक ठोक्याला नीलाचा हात दोरीवर थिजत होता. तिचा चेहरा मला पाळण्यातून दिसत होता. आणि मग, मित्रांनो, तिने वाकून मला उचललं आणि सरळ दाराबाहेर पळाली!

"नीला! अगं, वेडी का काय तू?" वनमालाबाई ओरडल्या.

नीला काकूंच्या खोलीत शिरली आणि मला त्यांच्यापुढे धरलं. काकूंचे हात तिखटाने माखलेले. म्हणून त्यांनी मला दोन्ही मनगटांवर झेललं. आणि माझं डोकं मागे लवंडू नये म्हणून कोपराचा आधार दिला.

दगडाला कसलं डोकं! पण मला कुंची होती. काकू माझ्याकडे बघत तशाच उभ्या राहिल्या.

तेव्हा नीलाच्या ध्यानात आलं, आपण काय करून बसलो. आधी खोटं बोललो. आणि ते निस्तरायला म्हणून या बाईच्या हातात कुंची घातलेला दगड दिला.

"काकू, मी खोटं..."

"ठाऊक आहे गो." काकूंचा आवाज अगदी साधा होता. "वाटायला नुसता वरवंटा कोण नेतं? आणि तोसुद्धा गजरा माळून?"

"मग दिलात कशाला?"

"त्या बाळाने काय केलंय माझं?"

इतक्यात दारात शुभा आली, मुलीला घेऊन. मागे सासूबाई, मागे सगळ्या बायका. "अगं, ओली बाळंतीण तू, कुठे निघालीस?" सासूबाई म्हणत होत्या. शुभाने मागे वळूनही पाहिलं नाही.

"अनुपमाताई, पाळण्याच्या त्या बाजूला तुम्ही उभ्या राहायचं."

"माझे हात तिखटाचे आहेत, शुभा."

"मग धुवा. आम्ही थांबतो."

"आज राहू दे."

"मग नाव ठेवायचंही राहू दे आज," शुभा म्हणाली आणि तिथेच उंबऱ्याशी बसली. सासूबाईंनी बराच वेळ पदराशी चाळा केला. शेवटी त्याच पुटपुटल्या, "नीला, पाणी घाल गं त्यांच्या हातावर."

नीलाने पाणी घातलं. तिखट निघेना. बेसन लावलं, ताक लावलं, पुन्हा पाणी. काकू हात चोळत होत्या आणि नीला एकदाही वर बघू शकली नाही.

मग माझं बारसं झालं. काकूंनी मला वरून घेतलं, आणि पाळण्याखालून द्यायच्या आधी एवढंसं थांबल्या. कोणी घाई केली नाही. बाळाचं नाव मृणालिनी ठेवलं.

त्यानंतर कोणी नीलाला एका शब्दाने बोललं नाही. काकू तर पूर्वीसारखंच 'नीलू' म्हणत. कोणीतरी चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असा तिचा चेहरा असायचा. रोज शाळेतून आली की काकूंच्या दारात यायची. "काकू, वाटून देऊ?" वाटून द्यायची, तिखटाने डोळे लाल करायची आणि जायची. 'काकू, चुकलं माझं' एवढे तीन शब्द. पण ते तिच्या ओठांपर्यंत यायचे आणि परत फिरायचे. उद्या बोलू, उद्या बोलू.

पण 'विसावा'त उद्याचा भरवसा नसतो. माहुलचे क्वार्टर तयार झाले. एका सकाळी लॉरी आली, काकूंची ट्रंक चढवली गेली, आणि नीला शाळेतून परतली तेव्हा खोली रिकामी होती. मला घासून पाट्यावर ठेवलेलं होतं, बस्स.

नीलाने मला मांडीवर घेतलं आणि हळूच म्हणाली, "काकू, चुकलं माझं."

ते मला सांगून काय उपयोग, मित्रांनो? मी दगड आहे. ज्यांचं होतं त्यांनी ते ऐकलंच नाही.

तुम्ही आमच्यासारख्या वस्तूंना अधूनमधून छिन्नीने टाकी लावा, धुऊनपुसून ठेवा, आम्ही जन्मभर साथ देऊ. मी कुठेही जात नाही. माणसं जातात. म्हणून त्यांचं जे देणं असेल ते ती दाराशी आहेत तोवरच देऊन टाका.

माहुल काही फार लांब नाही. येत्या रविवारी जाणारच, असं नीला म्हणते आहे. मागच्या रविवारीही म्हणत होती. तुम्हाला ती भेटली तर माझा एक निरोप द्याल? तिला म्हणावं, नीलू, जा.