लाजेचे किलो

"वजनांचं राहू द्या, बाई. या वेळी ती मी गोळा करतो," असं म्हणत कप्तानांनी टेबलावरचा कोरा तक्ता उचलला आणि घडी घालून खिशात टाकला. "तुम्ही आता कारकून नाही. पॅसेंजर आहात."

बाईंनी तक्ता परत घेण्यासाठी हात पुढे केला होता, तो तसाच मागे घेतला. सव्वीस वर्षं त्या या फ्लाइंग क्लबाच्या ऑफिसात होत्या आणि त्या काळात त्यांच्या हातातलं काम कुणी आपणहून काढून घेतल्याचं त्यांना आठवत नव्हतं. काम आणून टाकणारे मात्र पुष्कळ होते.

क्लबाची दरवर्षी एक सहल निघे. सहा छोटी विमानं, पंधरा-सोळा माणसं, नऊ दिवस. जिथे रस्ता जात नाही, गेला तर परत येत नाही, अशा जागा शोधून तिथे उतरायचं, तंबू ठोकायचे आणि घरी आल्यावर वर्षभर त्याच्या गप्पा मारायच्या. मिठागराच्या काठची पट्टी, दोन ओसाड बेटं आणि शेवटी ते उंच पठार. परवानग्या बाई काढत. इंधनाची पिंपं महिनाभर आधी ट्रकने, पुढे होडीने आणि शेवटी खेचरांवरून रवाना करत. कुणाला कुठली गोळी लागते, कोण कुणाशेजारी बसलं की भांडतं, हे सगळं त्यांना तोंडपाठ होतं. त्या स्वतः मात्र विमानात एकदाच बसल्या होत्या. नोकरीच्या पहिल्या वर्षी कुणीतरी त्यांना मैदानाभोवती एक चक्कर मारून आणलं होतं. सात मिनिटं.

पठाराची तर त्यांना खडान्खडा माहिती होती. धावपट्टी खडीची, साडेसहाशे मीटर. सकाळी नऊपर्यंत धुकं, दुपारनंतर पुन्हा. एका टोकाला कडा आहे आणि तिथून उडालेलं विमान क्षणभर खाली बुडाल्यासारखं दिसतं आणि मग वर येतं, असं तिथल्या राखणदाराने एका पत्रात लिहिलं होतं. लोक सहलीहून ढीगभर फोटो आणत. सगळ्यांत स्वतःच विमानाला टेकून उभे. कड्याचा फोटो एकाने काढला असेल तर शपथ. तो कडा एकदा आपल्या डोळ्यांनी पाहावा, एवढीच बाईंची इच्छा होती, पण ती बोलून दाखवण्याची सोय नव्हती. पुढच्या दोन महिन्यांत त्या निवृत्त होणार होत्या.

आणि या वर्षी कप्तानांच्या बायकोच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं. कप्तानांच्या विमानातली एक खुर्ची रिकामी झाली. "तुम्हीच चला," ते सहज म्हणून गेले, जसं कुणी चहाला बोलावावं. बाईंच्या अंगावर त्या दिवशी मूठभर मांस चढलं.

बहिणीला फोनवर सांगितलं तर ती पलीकडून किंचाळलीच. "अगं, या वयात? त्या काड्यापेटीत बसून? पडलीस-झडलीस म्हणजे?"

"पडले तर एकदाच पडेन. तू दर आठवड्याला बाथरूममध्ये पडतेस त्याचं काय?"

"चेष्टा नको. बरोबर कोण आहे तुझ्या?"

"सोळा माणसं आहेत."

"तसं नाही गं विचारत. आपलं असं कोण आहे?"

दूध उतू जातंय असं सांगून बाईंनी फोन ठेवला. त्यांनी जाड तळव्याचे बूट आणि कान झाकणारी टोपी असलेलं एक जाकीट घेतलं. बूट चावू नयेत म्हणून रोज संध्याकाळी घरातल्या घरात घालून त्या चालायच्या. दोन खोल्यांत चालायला असं काय मिळणार? स्वयंपाकघरापासून खिडकीपर्यंत अकरा पावलं. खालच्या मजल्यावरच्या बाईने वर येऊन विचारलं, पाहुणे आलेत का. नाही, मीच आहे, असं सांगताना बाईंना उगाचच ओशाळल्यासारखं झालं.

आता त्या वजनांविषयी सांगायला हवं, कारण पुढचा सगळा घोळ तिथेच आहे. छोट्या विमानात माणूस किलोंवर मोजतात. उंच जागी हवा विरळ, पट्टी आखूड, तिथे चार किलो जास्त झाले तरी विमान वेळेत उठेल याची खात्री नसते. म्हणून प्रत्येकाचं वजन लागतं. आणि प्रत्येक माणूस वजन खोटं सांगतो. एकदा कप्तानांनी ऑफिसच्या दारात चांगला काटा आणून ठेवला होता. रंगाचा कारखाना असलेले शेठ त्यावर उभे राहिले, खाली वाकून पाहिलं आणि म्हणाले, "हा बिघडलाय." आठवड्याभरात काटा विमानांच्या शेडमागे गेला आणि तिथेच गंजला. तेव्हापासून क्लबाचा शिरस्ता पडला की माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवायचा.

बाईंनीही शब्दावर विश्वास ठेवला, पण त्यात भर घालून. शेठ ब्याण्णव म्हणाले की त्या आपल्या वहीत नव्व्याण्णव लिहीत. शेठाणींचे पाच वाढवत, दातांच्या डॉक्टरांचे चार. या वाढीव किलोंना त्यांनी मनातल्या मनात नाव ठेवलं होतं, लाजेचे किलो. ती वही कुणाला दाखवायची नसे. वैमानिकांच्या हातात जाई ती फक्त विमानाची एकूण बेरीज. कुणाचा पाणउतारा नाही आणि विमानही सुखरूप. सव्वीस वर्षांत हे गुपित त्यांनी कप्तानांनाही सांगितलं नव्हतं.

दोन दिवसांनी कप्तानांनी आपल्या विमानाचा भरलेला तक्ता आणून दिला. बाई लगेच वही उघडून बसल्या.

शेठ, नव्व्याण्णव. बाईंच्या भुवया वर गेल्या. यंदा शेठचं पोट चांगलंच सुटलंय आणि ते कबूलही करताहेत म्हणजे आतला आकडा काय असेल! सात मिळवून त्यांनी एकशे सहा लिहिलं. शेठाणी अठ्ठ्याहत्तर, म्हणजे त्र्याऐंशी. डॉक्टर शहाऐंशी, म्हणजे नव्वद. कप्तान बहात्तर, ते खोटं बोलत नसत. शेवटची ओळ रिकामी होती. बाईंनी आदल्या दिवशीच बूट-जाकिटासकट पार्सलच्या दुकानातल्या काट्यावर उभं राहून वजन केलं होतं. स्वतःचं नाव त्या रकान्यात त्या पहिल्यांदाच लिहीत होत्या. जरा सावकाश, वळणदार अक्षरात लिहिलं. एक्कावन्न.

सामान माणशी सहा किलो, तीस. एकूण चारशे बत्तीस. पठारावरून त्या विमानाला उठायची मर्यादा होती चारशे वीस.

बाईंनी पुन्हा बेरीज केली. बेरीज कशाला चुकतेय? त्यांनी स्वतःचं सामान काढून टाकलं. नऊ दिवस अंगावरच्या कपड्यांवर काढता येतील, दात घासायचा ब्रश खिशात मावतो. चारशे सव्वीस. अजून सहा जास्तच. तंबू कमी करावा तर थंडी, पाणी कमी करावं तर धोका. बाकीची पाच विमानं त्याहून लहान आणि काठोकाठ भरलेली. इंधनाला हात लावायचा नव्हता, कारण पुढची पट्टी दोन तासांवर होती.

एक सोपा मार्ग होता. लाजेचे किलो पुसून टाकायचे. तक्त्यात जे आहे ते आहे, कप्तानांनी स्वतः आणलेले आकडे आहेत, त्यांना कोण विचारणार? बाईंनी खोडरबर हातात घेतलासुद्धा. मग त्यांना ती खडी दिसू लागली आणि तिच्यावरून धावणारं विमान आणि पुढे तो कडा. आपल्याला कडा पाहायचा म्हणून चार माणसांना त्याच्यावरून ढकलायचं?

कप्तानांना खरं सांगावं, तर ते शेठना काट्यावर उभं करणार. मग शेठ रुसणार, शेठाणी रडणार, सहलीचा विचका. आणि हे सगळं कशासाठी, तर क्लबाच्या कारकून बाईंना फिरायला जायचंय म्हणून. छे. बाईंनी आपली ओळ खोडली. खाली बेरीज लिहिली तीनशे पंचाहत्तर, आणि तक्ता पाकिटात घातला.

"बहिणीची तब्येत बरी नाही," त्या कप्तानांना म्हणाल्या. "मला जमायचं नाही."

"अहो बाई, सगळं ठरलंय की! काय झालं त्यांना?"

"पडली. बाथरूममध्ये."

कप्तान हळहळले. खुर्ची रिकामी जाणार म्हणून आणखी एखादा तंबू घेता येईल का, असंही त्यांनी विचारलं. बाईंनी घेता येईल असं सांगितलं. बहिणीला त्यांनी सांगितलं की सहल सध्या लांबणीवर पडलीय. "सुटलीस बाई," बहीण म्हणाली आणि आपल्या सुनेचं गाऱ्हाणं सांगू लागली.

निघायच्या दिवशी सकाळी सहाही विमानं एकापाठोपाठ एक गेली. शेठनी खिडकीतून हात हलवला. शेवटचं विमान ठिपका होऊन दिसेनासं झालं तरी बाई तिथेच उभ्या होत्या. शेडमधला मिस्त्री फडक्याला हात पुसत शेजारी आला.

"बाई, तुम्ही जाणार होतात ना?"

"जाणार होते."

"जाऊ द्या. पुढच्या वर्षी."

"पुढच्या वर्षी मी इथे कुठे असणार, मिस्त्री?"

मिस्त्रीने फडकं खांद्यावर टाकलं. त्याने चहा घेणार का म्हणून विचारलं. बाई नको म्हणाल्या आणि ऑफिसात जाऊन निघायच्या वेळा लिहीत बसल्या.

सहलीच्या दिवसांत ऑफिसात काम असं नसे. फोनजवळ बसून राहायचं, एवढंच. कुठल्याही पट्टीवरून उडण्याआधी त्या तुकडीने क्लबाला कळवायचं आणि उतरल्यावर पुन्हा कळवायचं, म्हणजे कुणी वेळेत उतरलं नाही तर शोधाशोध करता येते. मिठागरावरून फोन आला. बेटांवरून आला. बाई वेळ लिहून घेत, हवामान सांगत. एरवी दिवसभर त्यांच्याशी बोलणारं कुणी नसे. डबा त्या खिडकीकडे तोंड करून खात. घरी जाऊन नवे बूट माळ्यावर टाकावेत म्हणून दोनदा हातात घेतले आणि दोनदा परत दाराशी ठेवले.

सहाव्या दिवशी सकाळी दहा वाजता पठारावरून कप्तानांचा फोन आला. मागे वारा घोंघावत होता.

"बाई, काल गंमत झाली! चाचणी म्हणून आम्ही चौघांनी सगळ्या सामानासकट एक फेरी मारली, तर विमान निम्म्या पट्टीतच उठलं. मी म्हटलं, असं कसं? तुमची बेरीज तीनशे पंचाहत्तर, माझ्या हिशेबाने तीनशे एकोणसाठ. सोळा किलो आले कुठून? रात्रभर डोकं खाजवलं. मग लक्षात आलं. तुम्हीसुद्धा वाढवता!"

"सुद्धा म्हणजे?" बाई म्हणाल्या.

"अहो, मीच वाढवून लिहिले होते ना! शेठ माझ्यासमोर बसून ब्याण्णव म्हणाले. म्हटलं, बरं, आणि लिहिले नव्व्याण्णव. शेठाणींचे पाच, डॉक्टरांचे चार. कुणाला बोललो नाही, उगाच लाज कशाला काढायची. आणि तुम्ही वर आणखी तेवढेच घातले!" कप्तान खदाखदा हसत होते. "सात न् सात! एकाचीही चूक नाही! बरं झालं तुम्ही आला नाहीत. कागदावर वजन जास्त झालं असतं आणि तुम्ही मला खाली उतरवलं असतं!"

बाईही हसल्या. हसता हसता त्यांची बेरीज होऊन गेली होती. बहात्तर, नव्व्याण्णव, अठ्ठ्याहत्तर, शहाऐंशी, एक्कावन्न, सामान तीस. चारशे सोळा. चार किलो उरले असते. त्यांना राग आला. कप्तानांचा येईना, शेठचाही येईना. सव्वीस वर्षं दोन माणसं एकाच खोलीत बसून एकाच गोष्टीची काळजी करत होती आणि एकाने दुसऱ्याला ती कधी सांगितली नव्हती. या गोष्टीचा राग कुणावर काढायचा, हे त्यांना कळेना. डोळे भरून आले ते त्यांनी भरू दिले, फोनवर कुठे दिसतं.

पलीकडचं हसू थांबलं. 

"बाई," कप्तानांचा आवाज एकदम खाली आला, "तुमची बहीण... खरंच पडली होती ना?"

"बरी आहे आता," बाई म्हणाल्या. "उड्डाण किती वाजता?"

"बाई, ऐका तर..."

"धुकं परत यायच्या आत निघा, कप्तान. वेळ सांगा."

"दहा वीस."

"दहा वीस." बाईंनी लिहिलं. मग नियमाप्रमाणे त्यांनी पुढचं विचारलं.

"विमानात माणसं किती?"



"चार," कप्तान म्हणाले.

ऐकलेलं परत म्हणून दाखवायचं, हाही नियमच होता.

"चार," बाई म्हणाल्या आणि लिहून घेतलं.