बदली श्वास

माझ्या घोरण्यावर घरात इतके विनोद झालेत की मोजदाद नाही. बायको सांगते, लग्नानंतर आठवडाभर तिला वाटत होतं, वरच्या मजल्यावर कुणीतरी कपाटं सरकवतंय. मीही हसायचो. मग एका पाळीत, बंदराच्या धक्क्यावर, जमिनीपासून चाळीस मीटर वर क्रेनच्या केबिनमध्ये, कंटेनर हवेत लटकत असताना माझी मान छातीवर पडली. खालच्या जोडीदारानं वॉकीटॉकीवर बोंब ठोकली म्हणून जागा झालो. कंटेनरखाली तेव्हा कुणी नव्हतं, एवढंच माझं नशीब.

झोपेची डॉक्टर म्हणाली, "झोपलात की तुमचा घसा मिटतो. तासाला बेचाळीस वेळा श्वास थांबतो." तिनं हवा ढकलणारं मशीन दिलं, नळी दिली, नाकावर बसवायचा मास्क दिला. कंपनीनं अट घातली: तीस दिवस, रोज किमान सहा तास मास्क लावून झोपायचं आणि मशीनमधलं कार्ड डॉक्टरला दाखवायचं. ती हो म्हणाली तर केबिन परत, नाहीतर कायमचं खाली. तोवर मी रात्रपाळीत यार्डात फिरून कंटेनरची कुलपं तपासायची. वीस वर्षं ज्यांच्या डोक्यावरून माल नेला, ते आता "या साहेब, जमिनीवर स्वागत" म्हणायचे. माझा नुसता तिळपापड व्हायचा.

रात्रपाळी म्हणजे झोप दिवसा. बायको सकाळी औषधाच्या दुकानात कामाला जायची. घरात मी आणि माझे वडील, अण्णा. खोलीला जाड काळा पडदा. नऊला मास्क चढवून आडवा व्हायचो, चारला अण्णा चहा घेऊन उठवायचे. उठताना मास्क नाकावर असायचा आणि कार्डावर तास भरलेले असायचे. पण डोकं मात्र शिशासारखं जड. आठवड्याभरात माणूस टवटवीत होतो म्हणे. मी चहाच्या कपावरच पेंगायचो आणि मशीनला शिव्या घालायचो.

आणखी एक गोष्ट होती, ती मी कुणाला सांगितली नाही. जाग यायची तेव्हा मास्क आतून ओला आणि कोमट असायचा, पण ती ऊब माझी वाटायची नाही. दुसऱ्याच्या चपलेत पाय घातल्यावर लागते तशी लागायची. पट्टाही मी बांधलेल्या खुणेपेक्षा एक घर सैल असायचा. एका दुपारी अर्धवट झोपेत मला स्पष्ट ऐकू आलं की मी श्वास घेतोय, शांत, लांब, आणि तो आवाज माझ्यापासून हातभर अंतरावरून येतोय. हलायला गेलो तर अंग हललं नाही. परत झोपेत बुडालो. जागा झालो तेव्हा मास्क नाकावरच होता.

अठ्ठाविसाव्या दिवशी डॉक्टरनं कार्ड लावलं आणि तिचा चेहरा उतरला. तिनं संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला. "हे बघा. श्वास वाढत जातो, मोठा होतो, मग लहान लहान होत थांबतो. पुन्हा तसंच. तासन्‌तास. घसा मिटल्यावर असं दिसत नाही. हृदय थकलं की दिसतं. अशा माणसाला घरी ठेवत नाहीत."

 त्याच सकाळी तिनं माझ्या हृदयाची तपासणी करवून घेतली. अर्ध्या तासानं ती कागद घेऊन आली.

"तुमचं हृदय ठणठणीत आहे," ती म्हणाली. "मग हा श्वास कुणाचा?"

विचारून ती स्वतःच ओशाळली. मशीन बिघडलं असेल, परवा घेऊन या, म्हणाली. मी घरी आलो. भूतबाधेवर माझा विश्वास नाही, पण सांगून टाकतो, त्या दिवशी खोलीत शिरताना मी घाबरलो होतो.

मास्क लावला, फोन थरथरण्यावर ठेवून मांडीखाली दाबला आणि तासाभराची वेळ लावली. जागं राहायचं ठरवलं होतं. पाच मिनिटांत मेल्यासारखा झोपलो.

फोन थरथरला. काळोख होता. मी नाकाला हात लावला, मास्क नव्हता. मशीन मात्र चालू होतं, आणि त्यातून कुणीतरी श्वास घेत होतं. तो वाढत गेला, खोलीभर झाला, मग ओसरत ओसरत बंद पडला. मी मोजू लागलो. दहा. पंधरा. वीस. मला खरंच वाटलं की मी तिकडे मरतोय आणि इथे पडून ऐकतोय. बाविसाव्या आकड्याला तो श्वास परत सुरू झाला.

फोनचा उजेड पाडला. पलंगाला लागून खुर्चीत अण्णा बसले होते. माझी नळी त्यांच्या पोटावरून गेली होती आणि माझा मास्क त्यांच्या नाकावर होता. डोळे मिटलेले.

उजेडानं ते जागे झाले. मास्क काढला, चोरी पकडलेल्या पोरासारखे बघत राहिले.

"बदली बसलो होतो," ते म्हणाले.

हे तुम्हाला कळणार नाही, म्हणून सांगतो. अण्णांनी तीस वर्षं याच धक्क्यावर क्रेन चालवली. एका क्रेनला दोन ऑपरेटर असतात. एकाचं अंग मोडलं, दारू उतरली नाही, पोरगं आजारी असलं, की दुसरा त्याच्या कार्डावर त्याची पाळी ओढतो. त्याला बदली बसणं म्हणतात. आणि बदली बसलेल्याचं नाव साहेबांपुढे कुणी फोडत नाही. अण्णा साऱ्या धक्क्यासाठी बसले होते.

"पहिल्याच दिवशी अर्ध्या तासात ओढून फेकलास," ते म्हणाले. "परत लावायला गेलो तर झोपेत मला थप्पड मारलीस. मग म्हटलं, तास तरी भरू दे. चारच्या आधी तुला लावून टाकायचो."

"अण्णा, अठ्ठावीस दिवस मी हवेविना झोपलोय. आणि तसाच वर गेलो असतो."

"तू माझं पोर आहेस. वर गेल्यावर तुला झोप येणार नाही."

मी उजेड खाली नेला. त्यांची पावलं पोळीच्या कणकेसारखी सुजली होती, बोट दाबलं तर खळगा तसाच राहिला. वर्षभर ते खुर्चीतच झोपत होते. आडवं पडलं की गुदमरतं, म्हणायचे. आम्ही म्हणायचो, म्हातारपणाचे चोचले. सगळं घर माझ्या श्वासाच्या मागे लागलं होतं आणि त्यांच्याकडे कुणी पाहिलं नाही. मला स्वतःची लाज वाटली.

"चला, दवाखान्यात."

"परवा. परवा तुझे तीस भरतात. सही होऊ दे, मग मुकाट येतो." त्यांनी माझं मनगट धरलं. "दोन दिवसांनी काय होतंय?"

मी खोटं बोलणार नाही. एक क्षण मीही तोच हिशेब केला. तेवढ्यात बोलता बोलताच त्यांचा डोळा लागला आणि श्वास लहान होऊ लागला. लहान. थांबला. मशीन रिकामंच फुसफुसत होतं. मी अठरापर्यंत मोजलं आणि पुढचं मोजायची हिंमत झाली नाही. त्यांना गदागदा हलवून उठवलं आणि डॉक्टरला फोन लावला.

"तो श्वास माझ्या वडिलांचा आहे," मी म्हणालो. "त्यांना आत्ता घेऊन येतोय."

 मग तिनं विचारलं, "सगळे दिवस?"

अण्णा माझ्याकडे बघत मान हलवत होते, नाही म्हण, नाही म्हण.

"पहिल्या दिवसापासून," मी म्हणालो. "त्यात माझा एकही नाही."

अण्णांनी माझं मनगट सोडलं. गाडीत बसवताना, बेल्ट लावताना, दवाखान्याच्या पायऱ्या चढताना ते माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. चाकांच्या खुर्चीवरून आत नेताना मात्र नर्सला म्हणाले, "हा माझा मुलगा. क्रेन चालवायचा."